आधी आवर्तसारणी, मग अणू : विज्ञान मंडळाच्या नोंदी

२१ जून २०२५

शाळा सुरू होऊन आठवडा होत आला. यंदा विज्ञान मंडळात आठवी, नववी आणि दहावीची मुलं एकत्र घेतली आहेत. शनिवारी सकाळची शाळा सुटली की प्रयोगशाळेत बसायचं. विषय ठरला : अणूची रचना आणि आवर्तसारणी.

राज्य मंडळाच्या पुस्तकात आठवीला ‘अणूचे अंतरंग’ येतं आणि दहावीला ‘मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण’. दहावीत पोचेपर्यंत २, ८, ८ तोंडपाठ झालेलं असतं. त्यामुळे कुणीतरी कवचांतले इलेक्ट्रॉन मोजले आणि त्यावरून तक्ता आखला, असंच मुलं धरून चालतात. घडलं ते उलट्या क्रमाने. रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हने तक्ता मांडला १८६९ मध्ये. इलेक्ट्रॉन सापडला १८९७ मध्ये आणि अणुकेंद्रकाची कल्पना आली १९११ मध्ये. अणूच्या पोटात काय आहे हे मेंडेलीव्हला ठाऊक नव्हतं. अणूला पोट असतं हेही नव्हतं. त्याच्या हातात होती ती अणुवस्तुमानं, ऑक्साइडची सूत्रं, घनता, कोण कशाशी संयोग पावतं याच्या नोंदी. एवढ्यावर त्याने रिकाम्या जागा सोडल्या आणि त्या भरल्या गेल्या.

ही गोष्ट मुलांनी नुसती ऐकावी असं मला वाटत नाही. त्यांना ती स्वतः करता यायला हवी. म्हणून मंडळात क्रम उलटा : आधी गुणधर्मांवरून मांडणी, मग मांडणीत अडचणी, आणि त्या अडचणींचं उत्तर म्हणून अणूची रचना. आठवीच्या मुलांना कवचं माहीत नाहीत, हे इथे सोयीचंच आहे. दहावीच्या मुलांना सांगितलंय की इलेक्ट्रॉन हा शब्द गणपतीपर्यंत काढायचा नाही.

२८ जून

कार्डं तयार करायला घेतली. पाठकोऱ्या कार्डशीटचे पत्त्याएवढे तुकडे. प्रत्येकावर मूलद्रव्याचं नाव, अणुवस्तुमान, नेहमीच्या तापमानाला स्थायू, द्रव की वायू, घनता, द्रवणांक, ऑक्साइडमधलं प्रमाण, आणि एका अणूमागे क्लोरीनचे किंवा हायड्रोजनचे किती अणू धरले जातात तो आकडा. अणुअंक नाही. संज्ञाही नाही, कारण संज्ञा दिसली की दहावीची मुलं पाठ केलेला तक्ता आठवू लागतात.

एकूण २९ मूलद्रव्यं : हायड्रोजन, लिथियमपासून फ्लुओरीनपर्यंत सात, सोडियमपासून क्लोरीनपर्यंत सात, मग पोटॅशियम, कॅल्शियम, आर्सेनिक, सेलेनियम, ब्रोमीन, रुबिडियम, स्ट्रॉन्शियम, इंडियम, कथिल, अँटिमनी, टेल्युरियम, आयोडीन, सीझियम, बेरियम. कॅल्शियमनंतरचे दहा धातू एका पाकिटात आणि स्ट्रॉन्शियमनंतरचे दहा दुसऱ्या पाकिटात घालून चिकटवून ठेवले. राजवायूंची (हेलियम, निऑन, आरगॉन, क्रिप्टॉन, झेनॉन) कार्डं माझ्या कपाटात. गॅलियम आणि जर्मेनियमची कार्डं केली, पण तीही कपाटात.

ऑक्साइडचं प्रमाण म्हणजे काय, हे सांगायला खताची रिकामी गोणी आणली. इथल्या प्रत्येक घरी आंब्याला नाहीतर माडाला खत घालतात, १५:१५:१५ हा आकडा सगळ्यांच्या ओळखीचा. एन, पी, के ही तीन अक्षरंही. मात्र पी च्या खाली जे १५ टक्के छापलेले असतात ते नुसत्या फॉस्फरसचे नसून फॉस्फरसच्या दोन अणूंमागे ऑक्सिजनचे पाच अशा ऑक्साइडच्या हिशेबाने असतात, आणि के चे पोटॅशियमच्या दोन अणूंमागे ऑक्सिजनचा एक या हिशेबाने. नववीच्या मुलांनी फळ्यावर गणित केलं. ५० किलोच्या गोणीत असं फॉस्फरस ऑक्साइड साडेसात किलो, त्यात खरा फॉस्फरस सुमारे ३.३ किलो. पोटॅशियम सुमारे ६.२ किलो. ‘म्हणजे गोणीवर लिहिलंय त्यापेक्षा निम्म्याहून कमी फॉस्फरस!’ फसवणूक नाही, मोजायची पद्धत तशी आहे, हे पटवून देताना दोनास पाच आणि दोनास एक ही प्रमाणं त्यांच्या डोक्यात पक्की बसली. पुढच्या कामाला तेवढंच हवं होतं.

५ जुलै

पहिली मांडणी. प्रत्येक गटात तिन्ही वर्गांची मुलं. सूचना एकच : ‘या मूलद्रव्यांची अशी रचना करा की सारखी एकत्र दिसतील, आणि रचना का केली ते सांगता येईल.’

सुरुवातीला सगळ्यांनी ढीग केले. धातू एकीकडे, अधातू एकीकडे. एका गटाने स्थायू, द्रव, वायू असे तीन ढीग केले आणि स्थायूंचा डोंगर झाल्यावर ते मोडलं. एका गटाने त्रिकं काढली : लिथियम, सोडियम, पोटॅशियम. मधल्याचं वस्तुमान बाजूच्या दोघांच्या सरासरीइतकं येतं हे त्यांनी मला येऊन दाखवलं. ६.९ आणि ३९.१ ची सरासरी २३.०, सोडियमचं वस्तुमान २३.०. क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीनला ८१.२ येतं आणि ब्रोमीन आहे ७९.९, ‘चालेल’ असं त्यांनी ठरवलं. हेच डोबेरायनरने १८२९ मध्ये मांडलं होतं हे मी अजून सांगितलं नाही. शोध त्यांचा आहे, तो आठवडाभर त्यांच्याकडेच राहू दे.

वस्तुमानाच्या चढत्या क्रमाने सगळी कार्डं एका ओळीत लावायची कल्पना आठवीतल्या एका मुलीची. जमिनीवर लांबच लांब रांग झाली. मग ती रांगेच्या बाजूने चालत क्लोरीनचे आकडे मोठ्याने वाचू लागली : एक, दोन, तीन, आणि पुढे हायड्रोजनचे चार, तीन, दोन, एक. पुन्हा एक, दोन, तीन, चार, तीन, दोन, एक. दुसऱ्या फेरीला बाकीच्यांनी हातातली कामं टाकली. रांग सोडियमपाशी तोडायची, पोटॅशियमपाशी तोडायची, हे कुणालाच सांगावं लागलं नाही.

कॅल्शियमपर्यंत सगळं सुरळीत. त्यानंतर वस्तुमानाने पुढचं कार्ड आर्सेनिक. तिसऱ्या जागी ठेवलं तर ते ॲल्युमिनियमच्या खाली येतं. पण आर्सेनिक हायड्रोजनचे तीन अणू धरतं, ऑक्साइडही फॉस्फरससारखं. कार्ड हातात घेऊन एक मुलगा माझ्याकडे बघत राहिला. ‘बाई, ह्यां खंय ठेवूचां?’ मी उत्तर दिलं नाही. शाळेच्या गाडीची वेळ झाली. कार्डं जशी होती तशी राहू दिली, प्रयोगशाळेला कुलूप लावलं.

१२ जुलै

आल्याबरोबर त्याच मुलाने आर्सेनिक उचलून फॉस्फरसखाली ठेवलं. मधे दोन जागा मोकळ्या. दुसऱ्या गटाला हे मान्य नव्हतं. ‘जागा सोडायची म्हणजे आपल्याला येत नाही म्हणून सोडायची.’ जोरात वाद झाला. मी एवढंच विचारलं, की जागा सोडली तर पुढची कार्डं बरोबर बसतात का ते बघा. सेलेनियम गंधकाखाली, ब्रोमीन क्लोरीनखाली, रुबिडियम पोटॅशियमखाली. बसली. मग इंडियम ॲल्युमिनियमच्या स्तंभात आणि कथिल सिलिकॉनच्या स्तंभात येतं हेही दिसलं, म्हणजे रिकाम्या जागांना वरून आणि खालून शेजारी मिळाले.

आता खरं काम. रिकाम्या जागी कोण असेल त्याचं कार्ड तुम्ही लिहा. सरासरी काढायची युक्ती त्रिकांवरून हातात होतीच. पहिल्या जागेसाठी ॲल्युमिनियम २७.० आणि इंडियम ११४.८, सरासरी ७०.९. दुसऱ्या जागेसाठी सिलिकॉन २८.१ आणि कथिल ११८.७, सरासरी ७३.४. घनता अनुक्रमे ५.० आणि ४.८. क्लोरीनचे तीन अणू आणि चार अणू. पहिल्याचा द्रवणांक ६६० आणि १५७ च्या मधला, म्हणून सुमारे ४०८ अंश सेल्सिअस. सगळं पेन्सिलने लिहून कार्डं भिंतीवर लावली.

मग कपाट उघडलं. गॅलियम : ६९.७, घनता ५.९, क्लोरीनचे तीन. जर्मेनियम : ७२.६, घनता ५.३, क्लोरीनचे चार. वर्गात जो आरडाओरडा झाला तो ऐकून शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले.

द्रवणांकाला मात्र अंदाज पार कोसळला. गॅलियम ३० अंशांच्या आसपास वितळतं, मे महिन्यात आमच्या वर्गात ते पातळच असेल. मुलांना हे खटकलं आणि खटकायलाच हवं होतं. शेजाऱ्यांची सरासरी हा नियम नाही, तो अंदाज आहे. काही गुणधर्म स्तंभात पायरीपायरीने बदलतात, काही नाही. कुठल्या गुणधर्मावर भरवसा ठेवायचा हे ठरवणं हाच या कामातला कस.

आता मेंडेलीव्हची गोष्ट सांगितली. १८६९ मध्ये ६३ मूलद्रव्यं माहीत होती. त्याने एका-ॲल्युमिनियम, एका-बोरॉन, एका-सिलिकॉन अशा नावांनी (यातलं ‘एका’ संस्कृत ‘एक’ वरून) जागा राखून ठेवल्या. एका-सिलिकॉनचं वस्तुमान ७२ आणि घनता ५.५ असेल म्हणाला. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये लकॉक द बॉइसबोद्रान याने गॅलियम शोधलं आणि घनता मोजली ४.७. मेंडेलीव्हने कळवलं की पुन्हा मोजून बघा, ती ५.९ च्या आसपास यायला हवी. नमुना शुद्ध करून पुन्हा मोजल्यावर ५.९ आली. डोळ्यांनी कधी न पाहिलेल्या धातूबद्दल रशियात बसलेला माणूस तो हातात धरणाऱ्याला दुरुस्ती सुचवतो. स्कँडियम १८७९ मध्ये मिळालं, जर्मेनियम १८८६ मध्ये. हा भाग मी घाईने कधीच सांगणार नाही.

एक अडचण भिंतीवर टांगून ठेवली आहे. टेल्युरियम १२७.६, आयोडीन १२६.९. वस्तुमानाने आयोडीन आधी यायला हवं, पण मग ते सेलेनियमखाली जातं. मुलांनी अदलाबदल करून आयोडीन ब्रोमीनखाली ठेवलं आणि खाली चिठ्ठी लावली : ‘वजन चुकलं की जागा चुकली?’ मेंडेलीव्हला वाटत होतं की टेल्युरियमचं वस्तुमान चुकीचं मोजलं गेलंय. तेवढं सांगितलं, पुढचं नाही.

१९ जुलै

ज्योत परीक्षण. स्पिरिटचा दिवा, निक्रोमची तार, विरल हायड्रोक्लोरिक आम्ल. घरच्या वस्तू : मीठ, खताचं म्युरिएट ऑफ पोटॅश, मोरचूद, कळीचा चुना. मोरचूद बागायतदारांच्या घरी बोर्डो मिश्रणासाठी असतोच. गॉगल सगळ्यांना, तार धरणारे फक्त दहावीचे. मिथेनॉल ओतून मोठ्या रंगीत ज्वाळा करण्याचा खेळ आंतरजालावर दिसतो, त्यात मुलं भाजल्याच्या घटना झाल्या आहेत. तो आम्ही करत नाही, करणारही नाही.

मिठाचा पिवळा, मोरचुदाचा हिरवट निळा, चुन्याचा विटकरी. पोटॅशचा फिका जांभळा काही केल्या दिसेना, कारण किंचितही सोडियम असलं तर पिवळा रंग त्याला झाकतो. निळी कोबाल्ट काच मधे धरली आणि जांभळा उघड झाला. मुलांची अपेक्षा होती की सोडियम आणि पोटॅशियम एकाच स्तंभातले, तर रंगही मिळताजुळता निघेल. तो निघाला नाही. स्तंभ सांगतो की ते वागतात कसे. रंग सांगतो की तो नेमका कोण. हा फरक नववीच्या एका मुलाने स्वतःच्या शब्दांत वहीत लिहिला, त्याची प्रत मी काढून ठेवली आहे.

लिथियम, सोडियम, पोटॅशियम पाण्यात टाकल्यावर काय होतं ते पडद्यावर दाखवलं. पोटॅशियमनंतर रुबिडियमचं चित्रण थांबवून अंदाज विचारला. सगळ्यांचा बरोबर.

२६ जुलै

सकाळपासून धो धो. ओढ्यापलीकडची मुलं आलीच नाहीत. आलेल्यांनी कार्डांच्या कडांना चिकटपट्टी लावली.

२ ऑगस्ट

आरगॉनचं कार्ड दिलं. वस्तुमान ३९.९. वायू. ऑक्साइड नाही. क्लोरीन धरत नाही, हायड्रोजन धरत नाही. ‘बाई, हे कार्ड अर्धवट राहिलंय.’ अर्धवट नाही, तेवढंच आहे.

वस्तुमानाने ते पोटॅशियम ३९.१ आणि कॅल्शियम ४०.१ यांच्या मधे येतं. तिथे ठेवलं तर ओळ मोडते. रॅली आणि रॅम्झे यांनी १८९४ मध्ये आरगॉन वेगळा केला तेव्हा हाच पेच पडला होता, आणि पेच मोठा होता, कारण आपल्या आजूबाजूच्या हवेत तो जवळजवळ एक टक्का आहे. इतका जवळ असून कुणाच्या तक्त्यात त्याला घर नव्हतं. मग मी हेलियम, निऑन, क्रिप्टॉन, झेनॉन ही कार्डं दिली. एकाला घर नव्हतं, पण पाच जणांची मिळून नवी गल्ली होते. हॅलोजनच्या (फ्लुओरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन) पुढे आणि अल्कली धातूंच्या (लिथियम, सोडियम, पोटॅशियम वगैरे) आधी अख्खा स्तंभ उभा राहिला. बाकीचं एकही कार्ड हलवावं लागलं नाही, हे मुलांनीच लक्षात आणून दिलं. चांगल्या मांडणीची मला तरी हीच परीक्षा वाटते.

आरगॉन आणि पोटॅशियम उलट्या क्रमाने बसले. भिंतीवर दुसरी चिठ्ठी.

१८ ऑगस्ट

सोमवार, पण मधल्या सुट्टीनंतर तासभर मिळाला. विजयदुर्ग आमच्याच तालुक्यात. किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ दाखवतात आणि तिथून इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने ग्रहण पाहून हेलियम शोधला असं सांगतात. मुलं ते ऐकत मोठी झाली आहेत, म्हणून तारीख धरून बोलणं गरजेचं होतं.

१८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा भारतावरून गेला. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सनने आंध्रातल्या गुंटूरहून सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. लॉकियरची नोंद मात्र २० ऑक्टोबर १८६८ ची, इंग्लंडमधली, आणि ग्रहणाशिवाय केलेली. त्या वर्णपटातली पिवळी रेषा सोडियमच्या ५८९ नॅनोमीटरच्या जोडरेषांच्या अगदी शेजारी, ५८७.५ च्या आसपास होती, पण त्यांच्यावर नव्हती. एवढ्याशा फरकावर नवं मूलद्रव्य आहे असं म्हणायचं धाडस लॉकियरने केलं. पृथ्वीवर हेलियम हाती लागला तो १८९५ मध्ये, रॅम्झेला, एका युरेनियम खनिजातून.

मुलं थोडी हिरमुसली. मला त्यांना हेही सांगायचं होतं की गावाचा अभिमान आणि तारखेची खातरजमा यांत वैर नाही. आपल्या किनाऱ्यावर त्या दिवशी आकाशात काय चाललं होतं आणि त्यातून पुढे काय निघालं हे नीट ठाऊक असणं, हा जास्त टिकणारा अभिमान आहे.

उरलेल्या वेळात जुन्या सीडीचा तुकडा आणि खोक्याला पाडलेली चीर यांतून व्हरांड्यातली ट्यूबलाइट पाहिली. अखंड पट्ट्यावर पाऱ्याच्या ठळक रेषा, हिरवी सगळ्यांत स्पष्ट. नव्या एलईडी दिव्यात रेषा नाहीत. या रेषा येतात कुठून? इथून आता अणूच्या आत शिरायचं.

२३ ऑगस्ट

गणपतीच्या आधीची शेवटची बैठक. चतुर्थी २७ ला, मुलांचं अर्धं लक्ष घरच्या माटवीकडे (गणपतीवरच्या सजावटीकडे). म्हणून हाताने करायचं काम ठेवलं.

मोठ्या पुठ्ठ्याखाली लाकडाचा ठोकळा चिकटवला, आकार मुलांना दिसणार नाही असा. चारी बाजूंनी गोट्या सोडायच्या, कुठून गेली आणि कुठे निघाली त्याच्या रेषा कागदावर काढायच्या, आणि रेषांवरून आतला आकार ओळखायचा. पुठ्ठा उचलायचा नाही. त्रिकोणी ठोकळा बहुतेकांनी ओळखला. मग एक अगदी छोटा ठोकळा ठेवला. गोट्यांमागून गोट्या सरळ पलीकडे गेल्या. ‘आत काहीच नाही’ असं म्हणेपर्यंत एक गोटी उलट फिरून सोडणाऱ्याच्या हाताशी आली.

तिथे थांबून १९०९ चं मँचेस्टर सांगितलं. गायगर आणि मार्सडेन, सोन्याचा अतिपातळ वर्ख, धनप्रभारित अल्फा कण. मार्सडेन तेव्हा २० वर्षांचा विद्यार्थी होता. बहुतेक कण सरळ गेले, काही वळले, हजारोंतून एखादा मागे फिरला. त्या एखाद्याकडे दुर्लक्ष न करता रदरफर्डने १९११ मध्ये निष्कर्ष काढला की अणूचं जवळजवळ सगळं वस्तुमान आणि सगळा धनप्रभार मधल्या अगदी लहानशा जागेत आहे. आठवीच्या पुस्तकातल्या आकृतीत केंद्रक मोठं ठळक काढलेलं असतं, छापायला दुसरा इलाज नाही. म्हणून मैदानाच्या मधोमध खसखशीचा एक दाणा ठेवला. अणूचा व्यास केंद्रकाच्या लाखपट धरला तर तो दाणा केंद्रक, आणि अणूची हद्द सगळ्या बाजूंनी पन्नास मीटरवर. मुलं पन्नास मीटर मोजत चालत गेली तर एक बाजू कुंपणाबाहेर, रस्त्यावर निघाली. मधे काय? काही नाही. हे पुन्हा पुन्हा विचारलं गेलं आणि मी पुन्हा पुन्हा तेच उत्तर दिलं.

१३ सप्टेंबर

आता इलेक्ट्रॉन बोलायला परवानगी. १८९७ चा थॉमसन थोडक्यात, बोरचं १९१३ चं प्रारूप सविस्तर. ट्यूबलाइटच्या रेषा पाहिलेल्या असल्यामुळे ‘इलेक्ट्रॉनला ठरावीकच ऊर्जापातळ्या असतात’ हे वाक्य या वेळी हवेत राहिलं नाही. वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर उतरताना ठरावीक ऊर्जा बाहेर पडते, ठरावीक ऊर्जा म्हणजे ठरावीक रंग.

मग प्रत्येकाने आपल्या कार्डांच्या मागे इलेक्ट्रॉन संरूपण लिहिलं. लिथियम २, १. सोडियम २, ८, १. पोटॅशियम २, ८, ८, १. कार्डं जमिनीवर जुन्याच मांडणीत, फक्त पालथी. एका स्तंभात शेवटचा आकडा सारखा. आपण जुलैत केलेली रचना मागच्या बाजूनेही जुळते, हे पाहून आठवीतली ती रांगेवाली मुलगी म्हणाली, ‘आपण बघितलंच नव्हतं तरी कसं जुळलं?’ या प्रश्नासाठीच सगळा क्रम उलटा केला होता.

दहावीचा नेहमीचा प्रश्नही आला, आणि तो हुशार प्रश्न आहे. तिसऱ्या कवचाची क्षमता १८. मग पोटॅशियमचा १९ वा इलेक्ट्रॉन तिसऱ्यात जागा असताना चौथ्यात का जातो? ‘बाहेरच्या कवचात आठापेक्षा जास्त नाहीत’ एवढं सांगून मी तो मिटवत नाही. कवचाच्या आत उपकवचं असतात. तिसऱ्या कवचातल्या १८ पैकी शेवटच्या १० जागांची ऊर्जा पोटॅशियममध्ये चौथ्या कवचाच्या पहिल्या दोन जागांपेक्षा जास्त असते, म्हणून आधी त्या दोन भरतात. मग त्या राहिलेल्या १० जागा कधी भरतात?

चिकटवलेलं पाकीट उघडायला लावलं. आत दहा धातू, स्कँडियमपासून जस्तापर्यंत. दहा जागा, दहा धातू. दुसऱ्या पाकिटातही दहाच. जून महिन्यात ‘हे नंतर’ म्हणून बाजूला ठेवलेली पाकिटं मुलं विसरून गेली होती. त्यांचा आकडा असा समोर आला तेव्हा दहावीची मुलं गप्प झाली आणि मग एकदम सगळी बोलायला लागली.

२० सप्टेंबर

भिंतीवरच्या दोन चिठ्ठ्यांचा दिवस. आलेखकागद, दहावी आणि नववीची मुलं जोडीने, आठवीला गणनयंत्र.

हेन्री मोझलीने १९१३-१४ मध्ये वेगवेगळ्या धातूंवर वेगवान इलेक्ट्रॉन आदळवून निघणाऱ्या क्ष-किरणांची तरंगलांबी मोजली. फळ्यावर त्याच प्रकारच्या, के-अल्फा रेषेच्या, तरंगलांब्या अँगस्ट्रॉममध्ये दिल्या : कॅल्शियम ३.३५८, टायटॅनियम २.७४९, क्रोमियम २.२९०, मँगनीज २.१०२, लोह १.९३६, कोबाल्ट १.७८९, निकेल १.६५८, तांबं १.५४१, जस्त १.४३५. एकाला त्या संख्येने भागायचं आणि वर्गमूळ काढायचं. कॅल्शियम ०.५४६, टायटॅनियम ०.६०३, क्रोमियम ०.६६१, मँगनीज ०.६९०, लोह ०.७१९, कोबाल्ट ०.७४८, निकेल ०.७७७, तांबं ०.८०६, जस्त ०.८३५.

काही न सांगता एका जोडीने वजाबाक्या केल्या. मँगनीज ते लोह ०.०२९. लोह ते कोबाल्ट ०.०२९. पुढेही ०.०२९. कॅल्शियम ते टायटॅनियम मात्र ०.०५७, म्हणजे दुप्पट. ‘मधे एक राहिलंय!’ स्कँडियम. क्रोमियमच्या आधीही दुप्पट, तिथे व्हॅनेडियम. मोजणी ज्याची केलीच नाही त्याची जागा आकड्यांतून आपोआप दिसते.

मग आलेख. आडव्या अक्षावर अणुवस्तुमान घेणाऱ्या जोड्यांना वेडीवाकडी रेघ मिळाली आणि कोबाल्ट ५८.९, निकेल ५८.७ इथे ती मागे वळली. आडव्या अक्षावर नुसता क्रमांक घेणाऱ्यांना सरळ रेषा. ती खाली वाढवल्यावर अक्षाला १ च्या जवळ छेदते. सर्वांत आतल्या कवचात उरलेला एक इलेक्ट्रॉन केंद्रकाचा प्रभार थोडा झाकतो, असं त्याचं सोपं स्पष्टीकरण दिलं. तो क्रमांक म्हणजे केंद्रकावरचा धनप्रभार, म्हणजेच अणुअंक. तक्त्याचा खरा क्रम वस्तुमानाचा नाही, या क्रमांकाचा आहे. टेल्युरियम ५२, आयोडीन ५३. आरगॉन १८, पोटॅशियम १९. वजनही चुकलं नव्हतं आणि जागाही चुकली नव्हती. मुलांनी खुर्चीवर चढून दोन्ही चिठ्ठ्या काढल्या.

मोझली १० ऑगस्ट १९१५ रोजी गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला. वय २७. हे सांगावं की नाही असा विचार करत होते, सांगितलं. दहावीतल्या मुलाने विचारलं की त्याला लढायला का पाठवलं. तो स्वतःहून भरती झाला होता, एवढं मला सांगता आलं.

२७ सप्टेंबर

क्रम वस्तुमानाचा नसेल तर वस्तुमान उलटंसुलटं होतंच का, हा उरलेला धागा. न्यूट्रॉन, चॅडविक, १९३२. पोटॅशियममध्ये १९ प्रोटॉन आणि बहुतेक अणूंत २० न्यूट्रॉन, मिळून ३९. आरगॉनमध्ये १८ प्रोटॉन, पण हवेतल्या जवळजवळ सगळ्या आरगॉनमध्ये २२ न्यूट्रॉन, मिळून ४०. हा आरगॉन आला कुठून? खडकांमधल्या पोटॅशियम-४० या किरणोत्सारी समस्थानिकाच्या (प्रोटॉन तेवढेच, न्यूट्रॉन वेगळे) ऱ्हासातून, कोट्यवधी वर्षं. भिंतीवर ज्या दोन शेजाऱ्यांचा क्रम उलटा लागत होता, त्यांतल्या एकापासूनच दुसरा घडला आहे. आठवीच्या मुलांना समस्थानिकं लगेच समजली, कारण त्यांना ती कशासाठी हवी आहेत ते आधी माहीत होतं.

हायड्रोजनची जागा अजून ठरलेली नाही. सोडियमसारखा एकास एक क्लोराइड देतो, पाण्याचं सूत्र सोडियम ऑक्साइडसारखं, बाहेरच्या कवचात एक इलेक्ट्रॉन, म्हणून पहिल्या गणात, म्हणजे पहिल्या स्तंभात. पण वायू आहे, द्विअणू रेणू आहे, कवच पूर्ण व्हायला एकच इलेक्ट्रॉन कमी, सोडियमशी हायड्राइडही करतो, म्हणून हॅलोजनबरोबर. दोन्ही बाजूंची कारणं मुलांनी लेखी दिली आहेत. पुस्तकात तो पहिल्या गणाच्या डोक्यावर असतो हे दहावीने परीक्षेत लिहायचंच आहे. मंडळाच्या तक्त्यात कार्ड तूर्त दोन्ही स्तंभांच्या वर, मधोमध लावलं.

शेजारच्या गावातल्या शाळेतल्या बाईंनी कार्डांचा संच मागितला आहे. त्यांना देताना तीन गोष्टी लिहून दिल्या : कार्डावर संज्ञा आणि अणुअंक छापू नका, दहा धातूंची दोन पाकिटं मुलांसमोरच चिकटवा, आणि गॅलियमचं कार्ड मुलांनी स्वतःचं कार्ड पूर्ण लिहून भिंतीवर लावल्याशिवाय बाहेर काढू नका.